मिशीवाल्या काकांचा गुन्हा

१४ मार्च

प्रिय ठकूबाई,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझी आई स्वतःच्या गुडघ्यावर आणि माझ्यावर सारखीच वैतागलेली असते.

आमच्या पूल-अभियंत्यांच्या संस्थेला परवा एकदाची जाग आली. सभासद चारशे, त्यात बाई एकही नाही! लगेच 'सर्वसमावेशकता समिती' नेमली. सात पुरुष, अध्यक्ष मी. पहिल्या बैठकीचा सव्वा तास बायकांचं स्वच्छतागृह कुठे काढायचं यातच गेला. मग पत्रकावर फोटो हवा, म्हणून ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना हेल्मेट घालून उभं केलं. बाई हेल्मेटखालून म्हणतात, "सर, खऱ्या इंजिनिअर बायकांचे अर्ज कपाटात पडलेत की! काढू का?"

मी म्हटलं, राहू द्या. पण बाकीच्यांना चेव आला. बाईंनी गठ्ठा काढला आणि नाकारलेल्या अर्जांवरचे शेरे मोठ्यांदा वाचायला लागल्या. तिसरा अर्ज तुझा होता.

नकाराचं पत्र सचिव म्हणून मिशीवाल्या काकांच्या सहीने आलं होतं. अकरा वर्षं तू त्यांच्याशी बोलत नाहीस, लग्नालाही बोलावलं नाहीस. त्यांनीच अर्ज फेटाळला असं तू धरून चाललीस. आणि मी तुला तसं धरू दिलं.

"अर्जदार हुशार आहे, परंतु साइटवर टिकणार नाही." हा शेरा माझा आहे, ठकू; तेव्हा अर्ज तपासायचं काम माझ्याकडे होतं. अक्षर माझं, सही माझी. पोरीला घुसवलं असं लोक म्हणतील म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. साफ खोटं. तू टिकणार नाहीस असं मला खरंच वाटलं होतं. तू तीन पूल उभे केलेस आणि मी दर उद्घाटनाला पुढच्या रांगेत बसून टाळ्या पिटल्या. लाज वाटते गं.

समितीतल्या सातांत मिशीवालाही होता. त्याला पहिल्यापासून सगळं माहीत होतं, पण कधी चकार शब्द काढला नाही. आता म्हणतो कसा, "सुटलो बुवा एकदाचा!" आणि माझ्यापुढचा चहाही पिऊन टाकला.

अध्यक्षपद मी सोडलंय. सोबत नवा अर्ज पाठवतोय. शिफारशीच्या दोन सह्या लागतात. एक मिशीवाल्याने स्वतःहून केली. दुसरी जागा रिकामी आहे. माझी सही तुला चालेल का, तेवढं कळव. नाही म्हणालीस तरी चालेल, पण बोलणं टाकू नकोस.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा आणि त्यालाच घाबरणारा,
बाबा