मुंगीने पाठवलेले बदल

२ मार्च
आलो एकदाचा! ताईने वरची खोली लख्ख झाडून ठेवली होती, खिडकीशी टेबलही. आजपासून आभासी डिस्कचा ड्रायव्हर माझ्याकडे. म्हणजे नक्की काय, असं भाऊजींनी विचारलं. म्हटलं, नसलेली डिस्क आहे असं कॉम्प्युटरला पटवणारा प्रोग्राम. सगळ्यांना खुला, जगभरातून लोक त्यात बदल पाठवतात, ते मी तपासून घ्यायचे. भाऊजी म्हणाले, थोडक्यात, थाप पचतेय का ते बघायचं. अगदी तसंच! आधी हे काम मास्तर करायचे. त्यांनी तडकाफडकी का सोडलं, कुणी सांगत नाही.

९ मार्च
एकजण रोज चिमूटभर बदल पाठवतो. मी त्याला मुंगी म्हणतो. काम इतकं स्वच्छ की नावं ठेवायला जागा नाही. आज मात्र मनात पाल चुकचुकली. कोरी डिस्क वाचली तर नुसती शून्यं यायला हवीत. याच्या बदलानंतर मेमरीत उरलंसुरलं बाहेर येतं. कुणाचे पासवर्ड, कुणाची पत्रं. नजरचूक असेल. कारण विचारलं.

१२ मार्च
उत्तर गोड. वेग वाढतो म्हणे. शेवटी सहज विचारलंय, ताईंचा गुडघा कसा आहे.
ताईबद्दल मी नेटवर कुठेच लिहिलेलं नाही.

१३ मार्च
बदल नाकारला. लगेच अनोळखी लोकांची रीघ, घ्या की, कशाला अडवता. सगळ्यांची भाषा एकाच हातची. मास्तरांना फोन केला, तो त्यांच्या बायकोने घेतला. ते आता कॉम्प्युटरकडे बघतसुद्धा नाहीत, म्हणाल्या. मग आवाज बारीक करून त्यांनीच विचारलं, तुम्ही त्याला नाही म्हणालात का? हो म्हटलं, तर त्यांनी फोनच ठेवला.

१५ मार्च
बदल मंजूर. माझ्या नावाने. शेराही माझ्याच धाटणीचा. मी लिहिलेला नाही. मागे घेतला. परत मंजूर. पासवर्ड बदलला — परत —

१६ मार्च
नेटची वायर उपटली. ताई म्हणते, सकाळी कसला गोड बोलत होतास, किती दिवसांनी.
सकाळी मी खाली उतरलोच नव्हतो.

दुपार
ताई खाली हसतेय. कुणाशी तरी — भाऊजी कामावर आहेत — उत्तर देणारा आवाज माझा आहे. हुबेहूब. ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटत नाही —
वर कसली खुडबुड, ताई विचारतेय. तो म्हणाला, थांब, बघून येतो.
जिना वाजतोय. चाल माझीच —
दाराची कडी ला