घड्याळवाल्या मॅडमची मुलगी

३ नोव्हेंबर, सोमवार

झालं! माझ्याच गळ्यात पडलं. तीव्र ॲलर्जीचे रुग्ण आपल्या हॉस्पिटलात येतात, त्यांच्यावर उपचार नीट होतात का ते मोजायचं. वर्षभराचे केसपेपर काढायचे. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन वेळेत दिलं का, मांडीत दिलं का, नंतर पुरेसा वेळ नजरेखाली ठेवलं का, घरी जाताना पेन लिहून दिलं का आणि ते कसं वापरायचं हे शिकवलं का. पेन म्हणजे ते पेनासारखं दिसणारं तयार इंजेक्शन, टोपण काढायचं आणि मांडीत दाबायचं. आमच्या घरात दर पिशवीत असतं.

वॉर्ड सोडून ऑफिसात आलेल्या आम्ही तिघी नर्स. बाकीच्या दोघी लगेच कामात गढल्या. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घरातलाच विषय ना, तुम्हाला आस्था असणार."

आस्था! माझी लेक चिमणी काजूच्या कणाने लहानपणी एकदा काळीनिळी पडली होती, त्याला ह्या आस्था म्हणतात. भीती आहे ती, मॅडम. तोंडावर अर्थातच "हो मॅडम" म्हणाले. नोकरीला लागल्यापासून तेच म्हणतेय.

४ नोव्हेंबर

चिमणीने शाळेतून कागद आणला. कॅम्प. डोंगरात, तंबूत, चार दिवस. पालकांची सही हवी. मी तो फ्रिजच्या वर सरकवून दिला. जेवायला बसले तर माझ्या ताटाशेजारी हजर! तेरा वर्षांची आहे, पण हट्ट थेट आजीचा.

७ नोव्हेंबर

वाचून वाचून डोळ्यांची वाट लागली. बहुतेक ठिकाणी तीच गंमत — आधी खाज थांबवायचं औषध, मग सलाइन, मग वाट बघणं, मग घाबरगुंडी, आणि मग ॲड्रेनालिन. खरं तर ते सगळ्यात आधी हवं.

इमर्जन्सीच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "सिस्टर, कागदावर सोपं असतं हो. समोर माणूस खाजवत बसलेला असतो, आपल्याशी हसत बोलत असतो. खात्री नको करायला?" म्हटलं, खात्री करेपर्यंत घसा बंद होतो. तर म्हणतात, "तुम्हाला वॉर्ड सोडून किती वर्षं झाली?"

झोंबलं! चांगलं उत्तर सुचलं, पण घराच्या जिन्यात. माझं नेहमीचंच.

१० नोव्हेंबर

मोठ्या मॅडमचं नवीन फर्मान — उगाच प्रत्येक पुरळ मोजायचा नाही, व्याख्येत बसेल तीच केस. म्हणजे अंगावर काही उठलंय, आणि त्याच्या जोडीला श्वासाचा त्रास किंवा रक्तदाब घसरलेला. दिवसभर माझं तेच चाललंय. ही बसते, ही बसत नाही. येताना बसमध्ये समोरची बाई खोकली, तर मी तिच्या मानेकडे टक लावून बघतेय — पुरळ आहे का? ती बिचारी जागा बदलून बसली.

दर केसमध्ये इंजेक्शनची वेळ विचारते, म्हणून इमर्जन्सीत मला 'घड्याळवाल्या मॅडम' म्हणतात म्हणे. लिफ्टमनने सांगितलं. वर "चांगल्या अर्थाने हो" असंही!

११ नोव्हेंबर

चिमणी माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी बाबांना सांगते. मीठ माझ्यासमोर.

१३ नोव्हेंबर

आज घरी गेलेल्या रुग्णांना फोन केले. कागदावर सगळ्यांच्या पुढे 'पेन शिकवले' असं आहे. एकाचाही रकाना रिकामा नाही. मग विचारलं — आता सांगा बरं, कसं वापराल?

एक बाई: "जपून ठेवलंय हो, अजून खोकासुद्धा फोडला नाही!" एक गृहस्थ: पेन कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुलाकडे, मुलगा परगावी. एका आजोबांनी मलाच विचारलं, "कुठलं टोक मांडीला?" हसू आवरेना. आणि ह्या माणसांना आम्ही 'शिकवले' म्हणून घरी पाठवलं.

घरी आल्या आल्या सगळ्यांची परीक्षा घेतली. सरावाचं पेन आणलं होतं, बिनसुईचं. ह्यांनी ते उलटं धरलं, अंगठा बरोबर सुईच्या तोंडावर! "अगं, ह्यात सुई कुठेय?" "खऱ्यात असते!" त्यावरून जुंपली. सासूबाई म्हणाल्या, "मला नको बाई, माझे हात कापतात." चिमणीने डोळे मिटून बरोबर केलं. मग पेन टेबलावर आपटून म्हणाली, "झाले पास? कर सही."

मी म्हटलं, घरात आरामात बसून कोणीही करेल. श्वास अडकल्यावर हात चालतो का, ते महत्त्वाचं.

"मग काय, काजू खाऊन दाखवू?"

माझा हात उठला होता. कसाबसा खाली घेतला. ह्यांनी बघितलं. तिनेही बघितलं.

१४ नोव्हेंबर

स्पष्ट 'नाही' सांगून टाकलं. दार आपटलं. सासूबाई म्हणाल्या, "बिजागरी गेली बहुतेक."

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आजही हात धजत नाही. पण दुसऱ्या कोणाला सांगणार?

काल दुपारी मीच बेकरीतून बिस्किटं आणली. समेट करायला! दुकानदाराला दोनदा विचारलं. "नुसतं लोणी आणि मैदा, ताई." त्याच ट्रेमध्ये आधी काय भाजलं होतं ते विचारायचं मला सुचलं नाही. चिमणीने अर्धं खाल्लं आणि म्हणाली, "आई, ओठ खाजतायत." दार आपटल्यापासून माझ्याशी पहिलं वाक्य.

मानेवर गांधी उठायला लागल्या. तिची पिशवी तिच्याच खुर्चीला लटकलेली, पेन पिशवीत. मी समोर. आणि मी काय केलं? घड्याळ बघितलं! वेळ मनात नोंदवली. मग — त्वचा, हो. श्वास? तिच्या छातीकडे बघत श्वास मोजायला लागले. ती खोकली, आवाज घोगरा झाला. हे ओरडले, "अगं, दे ना ते!" आणि मी म्हणाले, "थांबा, अजून बसत नाहीये."

हे शब्द माझे. माझ्या पोटच्या पोरीबद्दल.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बस येणार नाही हे कळल्यावर माणूस रस्त्याकडे बघतं ना, तसं. मग स्वतःच पिशवी ओढली, टोपण काढलं, जीन्सवरूनच मांडीत पेन दाबलं आणि घोगऱ्या आवाजात तीनपर्यंत मोजलं. हात अजिबात हलला नाही. मला मात्र गाडीचं दार उघडेना.

आमचं हॉस्पिटल बसच्या तीन स्टॉपवर. ह्यांनी तिला उचलून आत नेलं, मी गाडी लावायला गेले. आत पोचले तेव्हा तिला ऑक्सिजन लावला होता, चेहऱ्यावर रंग परतत होता. त्याच डॉक्टरांनी स्टूल पुढे केलं. मला मान वर करवेना. त्यांना काय काय ऐकवलं होतं मी! खात्री नको करायला, म्हणाले होते ते. मीही खात्रीच करत बसले होते, आणि माझ्यासमोर परकं माणूस नव्हतं.

१८ नोव्हेंबर

घरी आलो. सासूबाईंनी उरलेली बिस्किटं डब्यासकट कचऱ्यात टाकली, डबा चांगला होता.

कॅम्पच्या कागदावर सही केली. चिमणी म्हणाली, "नक्की?" म्हटलं, नक्की. भीती गेलेली नाही, छातीत तशीच बसलीय. पण मी जवळ असले की ती सुरक्षित, असं इतकी वर्षं धरून चालले होते. परवा मी हाताच्या अंतरावर होते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चिमणीचाच केसपेपर माझ्या टेबलावर आला. त्यात लिहिलंय, 'लक्षणे दिसताच आईने घरीच इंजेक्शन दिले.' बाजूला मोठ्या मॅडमचा शेरा — उत्तम उदाहरण. तशीच खाली गेले, डॉक्टरांना विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? "तुमच्या मुलीनेच. धाप लागली होती तरी दोनदा म्हणाली, आईने दिलं असं लिहा." तिथेच त्यांना सगळं खरं सांगितलं, त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतलं. 'रुग्णाने स्वतः.'

घरी आले तर ती बॅग भरत होती. खोटं का सांगितलंस, विचारलं. मोज्यांची जोडी शोधत, वर न बघता म्हणाली, "तिथे तुला सगळे ओळखतात ना, आई."