पाचव्या मजल्यावरचं पायपुसणं

सॅल्फर्ड, बुधवार

श्री. प्रिचर्ड यांस,

सोमवारी तुमच्या गृहसंस्थेचा माणूस माझ्या दारापुढचं पायपुसणं उचलून घेऊन गेला. "पेट घेणारी वस्तू आहे, बाई. नियम आहे," म्हणाला. मी म्हटलं, "मग बाहेरच्या भिंतीवरची पॅनेलंही ने की! ती तर याच्या आधी पेटतील." तो हसला नाही.

ती पॅनेलं धोक्याची आहेत, हे तुम्हीच कळवलं होतंत. या घराच्या मालकीत चौथा हिस्सा माझा, उरलेला तुमच्या संस्थेचा. या घराच्या वाट्याला येणारा पॅनेलं बदलायचा खर्च मात्र सगळा माझ्या माथी, आणि तो मला झेपत नाही. म्हणून ती आहेत तिथेच आहेत. असो.

शेजारच्या डोरीनला दिसत नाही. आगीची घंटा वाजली की ती भिंत चाचपत येते, पायाला पायपुसणं लागलं की माझं दार ठोकते, आणि आम्ही दोघी जिना उतरतो. काल कुणाचा तरी टोस्ट करपला आणि घंटा वाजली. पायाला काहीच लागलं नाही, म्हणून ती पुढे चालत राहिली. मला ती पार टोकाला, कचऱ्याच्या खोलीत सापडली.

"मला वाटलं, तू घर विकून गेलीस," म्हणाली.

"इथलं घर घेतंय कोण, डोरीन?"

हे पत्र मी टाकणार नाही. 'तक्रार मिळाली' हे तुमचं उत्तर माझ्याकडे आधीच आहे.

यापुढे घंटा वाजली की मी दारात उभी राहून तिला हाका मारणार आहे. हाक पेट घेत नाही. तेवढी नेऊ नका.

चौथ्या हिश्श्याची मालकीण,
विनिफ्रेड ऑस्टिक