मस्कतचा तीळ

१० जून, मंगळवार

आज तालमीला दांडी मारायची फार इच्छा होती. दुपारचा आमरस अंगावर आलेला. तरी गेले. दादरच्या त्या हॉलमधले पंखे नुसते शोभेचे.

वंदूने, म्हणजे आमच्या मंगळागौर ग्रुपच्या हेडमास्तरणीने, सगळ्यांना गाठोडं करायला लावलं. पद्मासन घालायचं, कान धरायचे आणि सतरंजीवर गोल लोळायचं. छप्पन्नाव्या वर्षी मला जमतं, पस्तिशीच्या पोरींना जमत नाही. हे इथेच लिहिते. तिथे बोलले तर वंदू सगळ्यांसमोर माझं वय सांगते.

उताणी पडले तर ती पायाशी उभी. "शैले, टाचेला डांबर लागलंय बघ." ओल्या रुमालाने घासलं. निघालं नाही. तीळ आहे, मसुराच्या डाळीएवढा, टाचेच्या आतल्या कडेला. कधी आला कोण जाणे. स्वतःची टाच कोण बघतं?

१५ जून, रविवार

लालबागला नणंदेकडे, अक्कांकडे जेवायला. मासेमारी बंद, म्हणून सुक्या बांगड्याची चटणी आणि सोलकढी. हे दोनदा भात घेऊन तिथेच आडवे.

अक्कांना तीळ दाखवला. त्यांनी पाय उजेडाकडे ओढला आणि खूश. "पायाक तीळ इलो म्हणजे परदेश गो. आमच्या काकीक होतो, ती आफ्रिकेक गेली." मी म्हटलं, आमचा परदेश म्हणजे विरार. "हस तू. बघशीत."

८ जुलै, मंगळवार

 मस्कतच्या मराठी मंडळाचं बोलावणं आलं! दिवाळीचा कार्यक्रम, बारा बायका, तिकीट त्यांचं. वंदूने वाचून दाखवलं आणि हॉलमध्ये नुसता गलका. दंडफुगडीला मी आणि वंदू, हे तिथेच ठरलं.

घरी येऊन पासपोर्ट शोधला. कोराच आहे बिचारा. काढला तेव्हापासून कपाटात.

अक्कांना फोन केला. पलीकडून नुसतं "मी काय म्हणलेलंय?" तीन वेळा.

२९ जुलै, मंगळवार

श्रावणातला पहिला मंगळवार. गिरगावात दोन कार्यक्रम, मधे जेमतेम साडी सावरायला वेळ. पिंगा झकास. एका नवरीची आजी उठून आमच्यात शिरली आणि आम्हाला दमवून गेली.

अक्का आल्या होत्या बघायला. नंतर पाय दाबायला बसल्या, नको म्हटलं तरी. "तीळ वाढलो गो. वाढता म्हणजे लांबचो प्रवास. आदी मस्कत, मगे अमेरिका."

ग्रुपमधल्या सगळ्या आळीपाळीने बघून गेल्या. एकीने तर शकुन म्हणून हात लावला. मी पाय पुढे करून बसलेली, मठातल्या महाराजासारखी. मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

६ ऑगस्ट, बुधवार

ह्यांच्या कमरेच्या गजकर्णासाठी दादरला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे. मी सोबतीला, कारण हे डॉक्टरसमोर "काही विशेष नाही" म्हणून उठून येतात.

ह्यांचं झालं. निघता निघता मी सहज म्हटलं, "डॉक्टर, माझा लकी तीळ बघा. ह्याने मला परदेशी पाठवलं." त्याही हसल्या. वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "काकू, इथे झोपा जरा."

भिंगाचा दिवा लावून खूप वेळ बघत होत्या. कधी आला? वाढलाय का? खाज, रक्त? आधी एकच रंग होता का? मी वाढल्याचं उत्साहाने सांगत होते, तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. पहिल्यांदाच नीट पाहिला मी. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला तपकिरी, आणि कड टीपकागदावर शाई फुटावी तशी.

काढून तपासायला पाठवायचा म्हणाल्या. "तिळाचा कॅन्सर असतो काकू. बहुतेक तीळ साधेच असतात. पण ह्या वयात नवा आला आणि वाढतोय, तर सोडायचा नाही. आपल्याकडे हा तळपायाला, तळहाताला, नखाखाली जास्त येतो. तिथे कोणी बघत नाही, म्हणून उशीर होतो."

मी म्हटलं, माझा तर सगळ्या मुंबईने बघितलाय.

घरी येताना टॅक्सी. ह्यांनीच हात करून थांबवली. एरवी टॅक्सीचं नाव काढलं की भाषण देतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार

तीळ काढला. सुई टाचेत जाते तेव्हा ब्रह्मांड आठवतं. बाकी काही नाही. चार टाके. उरलेल्या मंगळवारांना मी ढोलकीजवळ बसून गाणार. वंदूला सांगितलं, कुरूप काढलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

रिपोर्ट आला. मेलॅनोमा. तोच, तिळाचा कॅन्सर.

डॉक्टर शांतपणे सांगत होत्या. पातळ आहे. वरच्याच थरात आहे, लवकर सापडला. पण आजूबाजूची कातडी रुंद कापून काढायला हवी, टाचेवर मांडीची कातडी लावायची. परळच्या सर्जनचं नाव दिलं. निदान दीड-दोन महिने पाय टेकायचा नाही.

मी विचारलं, "दिवाळीनंतर केलं तर?" इतका मूर्ख प्रश्न तोंडातून गेला. पण गेला.

"आज तो वर आहे काकू. दिवाळीत कुठे असेल ते मला सांगता येणार नाही."

जिन्यात हे म्हणाले, "विचार कसला करायचा त्यात?" मी म्हटलं, मस्कत तुमचं नाही, माझं आहे. उगाच बोलले. संध्याकाळी ह्यांनी आपणहून उपमा केला. खारट. सगळा खाल्ला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. मूर्ती छान, डोळे फार बोलके. मोदक करताना मन लागलं, नंतर परत तेच.

वंदू दर्शनाला आली. मी अर्धवट सांगितलं, टाचेचं छोटंसं ऑपरेशन राहिलंय. ती म्हणाली, "मग दिवाळी होऊ दे की. दोन महिन्यांनी काय बिघडतंय? मी फुगडीला दुसरी कुठून आणू?" किती बरं वाटलं ते ऐकून! कोणीतरी परवानगी दिल्यासारखं. तो शब्द मी सांगितलाच नाही, मग ती दुसरं काय बोलणार.

सर्जनकडची तारीख अजून नक्की केलेली नाही.  हे येता-जाता फोनकडे बघतात.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. दारापासून पाटापर्यंत पावलं काढायची माझी पाळी, दर वर्षीचीच. तांदळाच्या पिठात मूठ बुडवून उमटवायची, वर पाच बोटं. हाताला सवय आहे. आज टाचेशी येऊन हात थांबला.

दारात बसूनच रडले. पीठ नाकाला, गालाला. अक्का गौर हातात घेऊन बाहेर खोळंबल्या. त्यांना म्हटलं, अक्का, तो तीळ नव्हता, कॅन्सर आहे. त्यांनी गौर नेऊन पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मग माझ्याजवळ येऊन बसल्या. "मीयाच तुका भुलयलंय गो." मी म्हटलं, मला भुलायचंच होतं.

खरंय ते. मला मरायची भीती वाटते. ती मस्कत चुकायच्या दुःखापेक्षा मोठी आहे, हे कळायला इतके दिवस लागले. लागले तर लागले.

वंदूला फोन करून तो शब्द सांगितला. तिने परत एकदा म्हणायला लावला. मग म्हणाली, "गाढवे, आधी सांगता येत नव्हतं?" आणि रडायला लागली. मग मीच तिची समजूत काढत बसले.

सर्जनची तारीख घेतली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मंगळवारी ऑपरेशन झालं. आज बसून लिहिता येतंय. मांडीची कातडी टाचेला, स्वतःचंच ठिगळ स्वतःला. टाचेपेक्षा मांडीच जास्त दुखते, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. शेजारच्या कॉटवरच्या बाई दापोलीच्या. त्यांनी मला खाली मान घालून खायची शिस्त शिकवली: आधी जेवण, मग घरच्यांचे फोन.

हे येतात, पेपर वाचून दाखवतात, शब्दकोडं मला विचारून सोडवतात. पूर्वी विचारत नसत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रिपोर्ट चांगला. कापलेल्या कडा स्वच्छ, आजार खोल गेलेला नाही. सर्जन म्हणाले, अशी वेळेवर येणारी माणसं मला आवडतात. पुढे दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि घरी स्वतः बघत राहायचं.

वेळेवर कसली? नवऱ्याला गजकर्ण झालं म्हणून. हे आता त्या गजकर्णाबद्दल फुशारकी मारतात.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मंडळी मस्कतला पोचली. सकाळी विमानतळावरून फोटो, सगळ्यांना सारख्या टोप्या. माझी टोपीही घेतली होती, वंदूने ती स्वतःच्या बॅगेला बांधली.

संध्याकाळी कार्यक्रमाचा व्हिडिओ. मी पाय उशीवर ठेवून, अक्का शेजारी. दंडफुगडीला वंदूबरोबर ग्रुपमधली नेहा. पोरगी हलकी आहे, गिरकी सुंदर. मी मधेच व्हिडिओ थांबवला, परत लावला. मग अक्का म्हणाल्या, "ता वंदू दमला बघ. तू असतंस तर तिका धरलं असतंस." दमली होतीच. मग मात्र मनापासून हसले. चकल्या खाल्ल्या. एकंदरीत बरी गेली संध्याकाळ.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिल्यांदा हॉलवर गेले. मऊ सँडल, हातात काठी, काठी नुसती धाकाला. मस्कतचा खजूर आणि अत्तर मिळालं.

वंदूने तालीम सुरू करायच्या आधी सगळ्यांना भिंतीला पाठ लावून बसवलं, पाय लांब, तळवे वर, मोबाइलचे दिवे. मी खुर्चीवरून सांगत होते: नवा आहे का, वाढतोय का, कड वेडीवाकडी आहे का, एकाच डागात दोन रंग आहेत का. नखंही बघा गं. तीन कुरुपं निघाली, एक बिब्ब्याचा डाग, बाकी सगळी नुसती भेगाळलेली. नेहाचा एक तपकिरी ठिपका लहानपणापासूनचा. तरी दाखवून ये म्हटलं.

"आता दर महिन्याला हे," वंदू म्हणाली. ती म्हणाली म्हणजे होणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तपासणी. टाच छान भरतेय. मग सर्जनने जांघेत बोटं दाबून पाहिली. परत पाहिली. एक बारीक गाठ लागते म्हणाले. जखम भरताना अशी येते कधीकधी, बहुतेक तीच. पण पायातला आजार पसरला तर आधी इथेच येतो. महिन्याने सोनोग्राफी करू.

"बहुतेक" हा शब्द मला पूर्वी आवडायचा.

ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. अर्धवट सांगायचं नाही, असं आता ठरवलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

नेहाचा ठिपका साधा निघाला. तिने पेढे आणले. गंमत आहे, पेढे लग्नाचे, निकालाचे खाल्ले होते, ठिपक्याचे पहिल्यांदाच.

मी आज झिम्म्यात चार टाळ्या दिल्या. टाच ताणते, दुखत नाही. घरी येऊन गाढ झोपले. गाठीचा विचार येतो, पण घरभर नाही फिरत. एका कोपऱ्यात बसतो.

१४ डिसेंबर, रविवार

उद्या सोनोग्राफी.

रविवारचं आमचं ठरलेलं आहे. चहा झाला की चाळीच्या गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर, माझा पाय ह्यांच्या मांडीवर, ह्यांच्या नाकावर चष्मा. आधी टाच, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं, मग दुसरा पाय. शेवटी रेल्वेच्या गार्डसारखं "ऑल क्लिअर" म्हणतात आणि पेपर उघडतात.

आज बघून झालं तरी "ऑल क्लिअर" आलं नाही. मीच विचारलं, "काय दिसलं?"

"काही नाही."

"मग सोडा की पाय."

सोडला नाही. अंगठा त्या ठिगळावरून हळूच फिरवत राहिले. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतला महेश दूध घेऊन आला आणि थबकला. "काय काका, पाय चेपताय काकूंचे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या माणसाने लग्नानंतर चौपाटीवरसुद्धा माझा हात धरला नव्हता, लोक बघतात म्हणून. अख्ख्या चाळीसमोर!

"हो," हे म्हणाले. "तुला काय करायचंय?"

महेश गेला. ह्यांचे डोळे भरले होते, चष्मा वर करून पुसले, आणि परत दोन्ही हातांनी पाय धरून बसले.

उद्या दहाला निघायचं.  माझा अर्धा चहा राहिला होता, तो गार होत गेला. मी पाय काढून घेतला नाही.