साप्ताहिक सुट्टीचं बाळ

५ जानेवारी, रविवार
नवीन वही. जुनीत 'वजन कमी करणे' चालू होतं, ते बंद.
आजपासून प्रोजेक्ट बाळ. प्रोजेक्ट लीडर मी, म्हणजे ज्ञानेश, क्वालिटी इंजिनीअर, चाकण, अनुभव बारा वर्षं.
रिपोर्ट आला. माझा स्पर्म काउंट शून्य. कमी नाही, शून्य. डॉक्टरांना विचारलं, मशीन शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं होतं? ते चष्मा पुसत बसले. मग आणखी दोन लॅबमध्ये तपासून घेतलं. शून्य आणि शून्य. तिन्ही मशीन एकदम परफेक्ट आहेत म्हणायची.
मला वाईट वगैरे काही वाटलेलं नाही. गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी घासली. टाकी स्वच्छच होती.

१२ जानेवारी, रविवार
डॉक्टर म्हणतात, बँकेतून डोनरचं स्पर्म घ्या, क्लिनिकमध्ये करू. डोनर कोण ते सांगत नाहीत. नाव नाही, गाव नाही! कंपनीत मी साधा बोल्टसुद्धा सप्लायर कोण ते कळल्याशिवाय गेटच्या आत घेत नाही. इथे तर अख्खं माणूस यायचंय.
निर्णय: ओळखीचा डोनर, आणि घरच्या घरी. सुई नसलेली सिरिंज, झाकणाची डबी, संपलं. यात रॉकेट सायन्स काय आहे?
बायकोला, वर्षालीला, क्लिनिकच बरं वाटतं. छत्तीस पूर्ण झाली, आता खेळत बसायला वेळ नाही, असं म्हणाली. मी दीड तास बोललो. शेवटी म्हणाली, "तीन महिने तुमचे. मग मी सांगेन तिथं गुपचूप यायचं."
तीन! मला एक पुरे.

१९ जानेवारी, रविवार
सप्लायर फायनल. ज्योतीराम. डिप्लोमापासूनचा दोस्त, राहायला राजगुरुनगर, महाळुंग्याच्या एका कंपनीत स्टोअर्सला. दोन पोरी, दोन्ही ठणठणीत. टपरीवर सगळं सांगितलं. त्यानं त्याचा चहा प्यायला, मग माझाही प्यायला. म्हणाला, "मला काय न्हाई राव, पण घरात विचारावं लागंल."
त्याच्या बायकोचा, कस्तुरावहिनींचा, फोन वर्षालीला आला. आधी पोट धरून हसल्या म्हणे, मग रडल्या. म्हणाल्या, लेकरू तुमचं, आमी नुसतं पावणं. वर्षालीही रडली. मी दोघींना वेळ दिला, चार मिनिटं.
ज्योतीरामच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या ओके. शिवाय माझा एकतीस प्रश्नांचा फॉर्म दिला होता. ज्योतीरामनं अठ्ठावीस रकाने कोरे सोडलेत. छंदाच्या रकान्यात 'बैलगाडा शर्यत'. चालेल. स्पीडचा संबंध आहेच.

२ फेब्रुवारी, रविवार
वर्षालीला सॅम्पल हाताळायचं ट्रेनिंग दिलं, दोन तास. ती इथे चिखलीतच, घराजवळ, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज ऐंशी-नव्वद सॅम्पल हाताळते, पण बेसिक कच्चं असतं या लोकांचं. दुसऱ्या तासाला ती डोळे मिटून ऐकत होती.

१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ६.१०
बाथरूममध्ये टेस्टची पट्टी. दोन रेषा!! दोन!!!
अजून काहीच केलेलं नाही आणि रिझल्ट हजर. याला म्हणतात लीडरशिप.

तोच दिवस, दुपारी १.१५
अख्ख्या लाइनला पेढे वाटले, दोन किलो. नंतर वर्षालीला फोन केला. तिनं आधी पेढे किती वाटले ते विचारलं. मग म्हणाली, ती पट्टी दिवस गेल्याची नाही, अंडं सुटणार असल्याची आहे. आज नाहीतर उद्या करायला हवं, ज्योतीरामला घेऊन संध्याकाळी लवकर या.
पेढे परत मागवता येत नाहीत. बायकोला प्रमोशन मिळालं असं सांगितलंय.
आणि आज कसं जमेल? सोमवार आहे, प्रॉडक्शन चालू. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. या एमआयडीसीतली लग्नं, बारशी, दाढदुखी सगळं लोक गुरुवारी उरकतात. प्लॅनमध्ये गुरुवार लिहिलाय, लाल पेनानं. अंड्याला तीन दिवस थांबायला काय झालं?
वर्षाली म्हणाली, अंडं तुमच्या कंपनीत कामाला नाही.
तणावाखाली आहे बिचारी. समजून घेतलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
प्रयत्न पहिला. राजगुरुनगरहून डबी ताब्यात घेतली सकाळी ९.०५ ला. नेटवर वाचलं होतं, सॅम्पल थंड पडता कामा नये. म्हणून घरचा कॅसरोल नेला होता, त्यात उकळत्या पाण्याची बाटली आणि शेजारी डबी. चाकणच्या चौकात ट्रेलर आडवा. पाऊण तास जागेवर. तरी कॅसरोल गरमागरम, याला म्हणतात पॅकेजिंग.
घरी वर्षालीनं डबी हातात घेतली आणि चटका बसून सोडली. ओढणीनं उचलली. झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, "उकडून आणलंत का?"
तरी प्रयत्न पूर्ण केला. पॉझिटिव्ह राहायचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
पाळी आली. कारण शोधलं: चौकातला ट्रेलर. माझी चूक शून्य.

१३ मार्च, गुरुवार, होळी
प्रयत्न दुसरा. पट्टी या वेळीही सोमवारीच गडद झाली होती. वर्षालीनं सांगितलं, मी कॅलेंडर दाखवलं.
सुधारणा: वाहतूक बंद, सप्लायरच घरी. ज्योतीराम आणि कस्तुरावहिनींना पुरणपोळीला बोलावलं. परभणीहून आई आलेली आहे हे प्लॅनमध्ये धरलं नव्हतं. आईला यातलं काहीच माहीत नाही.
ज्योतीराम साडेअकराला बाथरूममध्ये गेला. बारा वाजले. आई म्हणाली, पाव्हणं कवाचं आत गेलंय, पोट बिघडलंय जणू. आणि ओव्याचं पाणी घेऊन दाराबाहेर उभी राहिली. दर दोन मिनिटांनी टकटक. लाजू नका म्हणे, आपलंच घर समजा.
शेवटी ज्योतीराम घामाघूम होऊन बाहेर आला. माझ्या कानात म्हणाला, "राव, दाराशी तुझी आई उभी असल्यावर माझ्यानं न्हाई व्हायचं." आईनं त्याला जागेवर ओवा पाजला, पुरणपोळी बंद केली आणि मऊ भात वाढला. कस्तुरावहिनी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. वर्षालीही हसली. महिनाभरात पहिल्यांदा हसली, तेवढं मात्र बरं वाटलं.
संध्याकाळी आईला सोसायटीच्या होळीला खाली पाठवलं आणि काम फत्ते. वहिनी म्हणाल्या, पोरगं झालं तर ओवाजीराव नाव ठेवा.
या वेळी शंभर टक्के.

२४ मार्च, सोमवार
पाळी आली. वर्षाली बाथरूममधून लवकर बाहेर येईना. मी दारातून सांगितलं की सक्सेस रेटचा ट्रेंड सुधारतोय. शून्यातून शून्य गेलं की ट्रेंड कसला, असं आतून म्हणाली. आवाज ओला होता.
मला मूल हवंय. फार हवंय. हे कुठे लिहिलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो.

७ एप्रिल, सोमवार
कस्टमर ऑडिट. मोबाइल दिवसभर लॉकरमध्ये. संध्याकाळी बघतो तर वर्षालीचे चार मिस्ड कॉल, आणि दुपारचा एक मेसेज: राहू द्या, झालं काम.
गॅस सिलिंडरचं असेल. बाई हळूहळू स्वतः निर्णय घ्यायला लागली. ट्रेनिंगचा परिणाम.

१० एप्रिल, गुरुवार
प्रयत्न तिसरा आणि ऐतिहासिक! आई परभणीला. कॅसरोल बाद, डबी माझ्या काखेत. आतल्या रस्त्यानं सत्तेचाळीस मिनिटांत घरी. ज्योतीरामनं हूं का चूं केलं नाही. वहिनी निघताना माझ्याकडे बघून सारख्या हसत होत्या, कौतुकानं. वर्षालीनं एकही टोमणा मारला नाही, उलट मला सरबत करून दिलं. असा गुरुवार होणे नाही.

२४ एप्रिल, गुरुवार
आली! दोन रेषा! या वेळी पट्टी कसली आहे ते वर्षालीला तीनदा विचारून घेतलं. तीच आहे!
नाचलो. खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. सिलिंग फॅन दुरुस्त करतोय म्हणून सांगितलं. वर्षाली हसताना रडत होती, का रडताना हसत होती, देव जाणे.
'गुरुवार मॉडेल' नावाचं प्रेझेंटेशन करायला घेतलंय. चौदा स्लाइड झाल्या. लोकांना याचा उपयोग होईल.

२७ एप्रिल, रविवार
दोघांना संध्याकाळी मिसळ खायला बोलावलं. ज्योतीरामला लॅमिनेट केलेलं प्रशस्तिपत्र दिलं, 'बेस्ट सप्लायर'. मग लॅपटॉप उघडला. तिसऱ्या स्लाइडला ज्योतीराम बायकोकडे बघायला लागला, बायको वर्षालीकडे. वहिनी म्हणाल्या, "सांगून टाका बाई, मला आता हसू दाबवंना."
वर्षालीनं सांगितलं.
त्या ऑडिटच्या सोमवारी सकाळी पट्टी गडद झाली. मला चार फोन लावले. मग तिनं वहिनींना फोन केला; ज्योतीराम सेकंड शिफ्टला, घरीच होता. वहिनींनी डबी रुमालात गुंडाळून, बटवा खोचतात तशी पोलक्यात खोचली आणि स्कूटीवरून चिखली गाठली. वर्षाली लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आली होती. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. मग दोघींनी भेळ खाल्ली. तापमानाची नोंद नाही. कसलीच नोंद नाही.
मी विचारलं, मग गुरुवारचं?
ज्योतीराम म्हणाला, "ते तुझ्यासाठी, राव. तू लई तयारी केली हुतीस."
गुरुवारनंही लागलं असू शकतं, असा मुद्दा मी मांडला. वर्षाली म्हणाली, गुरुवारपर्यंत अंडं कधीच विरघळून गेलं होतं.
मिसळ गार झाली. ते गेल्यावर मी वर्षालीला खरं काय ते विचारलं. म्हटलं, स्पर्म त्याचं, अंडं तुझं, आणणारी वहिनी. मग यात माझं काय होतं? एवढे तक्ते केले ते कशासाठी? काहीतरी माझं असावं म्हणूनच ना!
ती लॅपटॉप बंद करत म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून तर केलं. एकटीनं कोण करतंय हा उपद्व्याप?"
मला पटलं की नाही, अजून कळत नाही. प्रेझेंटेशन डिलीट केलं.

१४ मे, बुधवार, सकाळी ११.४०
रजा टाकून सोनोग्राफीला आलोय. डॉक्टरांसाठी अकरा प्रश्न लिहून आणलेत. वर्षाली आत गेली. थोड्या वेळानं सिस्टर दारात आल्या आणि मोठ्यांदा विचारलं, बाळाचे वडील कोण?
मी आजूबाजूला बघितलं. सगळेच बघत होते. कुणी उठेना. सिस्टर वैतागून पुन्हा म्हणाल्या, वर्षालीचे मिस्टर, अहो, बाळाचे वडील कुठे गेले?
तेव्हा लक्षात आलं. उभा राहिलो आणि शाळेत करतात तसा हात वर केला.
आत पडद्यावर हरभऱ्याएवढं काहीतरी होतं आणि ते धडधडत होतं. डॉक्टर म्हणाल्या, ठोके छान आहेत, बाबांना काही विचारायचंय का? मला एकही प्रश्न विचारता आला नाही. बेड धरून रडायलाच लागलो. एवढा रडलो की बेड हलायला लागला आणि पडद्यावरचं सगळं पुसट झालं. मोजमाप घेता येईना म्हणून डॉक्टरांनी मला बाहेर काढलं.
बाहेर बाकावर बसून हे लिहितोय. शेजारच्या आजीबाईंनी, पहिलंच का, असं विचारलं. हो म्हटलं.