धुक्यातला टावर

फ्रीगंज, उज्जैन
४ डिसेंबर १९९४

ती. अहल्यावन्सं यांस,
विजयाचा शि. सा. न.

तुम्ही पाठवलेले तैलरंग पोचले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला जलरंगात फुलदाण्याच काढायला लावायच्या. अजून तो ओल्या कागदाचा वास आठवतो. आता साठीला टेकल्यावर अख्खा चौक काढायचा म्हणजे धाडसच.

पण यांच्यासाठी काढायचाय. लकव्याला दीड वर्ष झालं. काठी घेऊन घरात हिंडतात, डॉक्टर बाहेर न्या म्हणतात, पण हे उंबरा ओलांडत नाहीत. लोकांनी लंगडताना बघायला नको. रोज टावर चौकात चक्कर मारणारा माणूस मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो. म्हटलं, चौकच घरी आणावा.

संध्याकाळी थंडीत तिथे घड्याळाच्या टावरभोवती शेगड्यांचा, टेम्पोंचा धूर खाली उतरतो. फार सुंदर दिसतं. माझ्या चित्रात मात्र दुकानाची पाटी न् पाटी वाचता येते आणि धूर कुठेच नाही. काय चुकतंय?

लोभ आहेच, तो रंगांसारखा पोस्टाने पाठवत राहावा.

आपली विजया

नागपूर
१३ डिसेंबर १९९४

चि. सौ. विजया हिस,
अ. आ.

तू डोळ्यांनी पाहून काढत नाहीस, ओळखीने काढतेस. कुठलं दुकान कुणाचं ते विसर. लांबच्या रंगांत पांढरा आणि थोडा निळा मिसळ, म्हणजे इमारती मागे सरकतील. तैलरंग लवकर वाळत नाहीत, त्याचा फायदा घे. ओले असतानाच कोरड्या ब्रशने कडा पुसून टाक. घड्याळ म्हणजे नुसता पिवळट ठिपका.

लहानपणी पायात काटा बोचला तर तुझा हा नवरा सुधाकर गल्लीभर लंगडून दाखवायचा. आताच कसली लाज? पण हे त्याला सांगू नकोस, रुसेल.

ब्रश न धुता ठेवलेस तर मात्र माझा लोभ आटेल.

अहल्या

उज्जैन
२ जानेवारी १९९५

ती. वन्सं यांस,
शि. सा. न.

धूर साधला, पण घरात भांडण. हे म्हणाले, घड्याळ वाचता येत नाही तो कसला टावर! सगळी नोकरी स्टेशनमास्तरकीत गेली, यांच्या लेखी धुकं म्हणजे लेट गाडी. काटे काढले, तर चित्र दुकानातल्या कॅलेंडरसारखं झालं. पुसले, तर अबोला.

शिवाय रंगीत टीव्हीची दिव्यांची मोठी पाटी चित्रात आहे, ती यांना मान्य नाही. अशी पाटी तिथे नाहीच म्हणतात. मी म्हणून गेले की हल्ली कितीतरी नवं आलंय, तुम्हाला काय ठाऊक. बोलले आणि जीभ चावली. काय करू?

लोभाची आज जरा जास्त गरज आहे.

आपली विजया

नागपूर
९ जानेवारी १९९५

चि. सौ. विजया हिस,
अ. आ.

घड्याळात काटे रंगवू नकोस. या दिवसांत घड्याळ वाचता येतं असं त्याचं म्हणणं असेल, तर तिथे जाऊन वाचून दाखव म्हणावं. थोरल्या बहिणीचा हुकूम समज.

अहल्या

उज्जैन
१७ जानेवारी १९९५

ती. वन्सं यांस,
शि. सा. न.

तुमचं कार्ड काल यांना वाचून दाखवलं. बराच वेळ धुसफुसले, मग कोट मागितला. ऑटो अगदी दाराला लावून घेतला.

चौकात पोहेवाल्याने लगेच ओळखलं, मास्टरसाब इतके दिन कुठे होते म्हणाला. पायाबद्दल कुणी विचारलं नाही. हे खाली उतरले. टीव्हीची पाटी पाहिली न पाहिल्यासारखी केली. काठीवर भार देऊन मान वर केली आणि टावरकडे बघत राहिले. मला तर पिवळा ठिपकाच दिसत होता. शेवटी म्हणाले, चष्मा नीट पुसलेला नाही. आणि ऑटोवाल्याला उद्या याच वेळी ये म्हणून सांगून टाकलं.

तो आलाय, हॉर्न वाजवतोय. हे कोट घालून दारात उभे आहेत आणि मला उशीर करते म्हणून रागावताहेत. लोभ गृहीत धरून इथेच थांबते.

आपली विजया