आजीने पुसलेले फोटो

१७ ऑक्टो.
रजा नामंजूर. दिवाळीला गावी जाणं बोंबललं. आई तिकडे एकटी. ओवीने जेवताना एवढंच विचारलं, "मग आजीला किल्ला कसा दाखवणार?" नऊ वर्षांची पोर. रडली असती तर बरं झालं असतं.

१९ ऑक्टो.
किल्ला झाला. सोसायटीच्या जिन्याखाली. विटा, गोणपाट, लाल माती. घाटकोपरात माती विकत घ्यावी लागते, वा! मावळ्यांपेक्षा खेळण्यातल्या गाड्याच जास्त.
फोटो गावच्या वाडीच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, ओवीबाईसाहेबांची ताकीद. गेल्या वर्षी तिच्या फोटोचं कुणीतरी स्टिकर केलं, ते अजून फिरतंय. "फक्त आजी." मग ऑनलाइन फोल्डर केला, लिंक फक्त आईला. तिलाही फोटो टाकता यावेत म्हणून सगळे अधिकार देऊन टाकले. फार हुशार मी. फोनवर शिकवता शिकवता घसा बसला.

२१ ऑक्टो.
फोल्डरमधले चार फोटो गायब. सु. म्हणते, "तुझंच बोट लागलं असणार." बायकोचा विश्वास.

२२ ऑक्टो.
सगळेच गेले. आईला फोन.
"बघलंय मां. मगे पुसून टाकलंय. मोबाईल भरता ना रे."
फुलांचे गुड मॉर्निंग रोज पुसते, तसेच. तिकडे पुसलं की इकडचंही जातं, हे सांगणार, तेवढ्यात ओवीने माझ्या तोंडावर हात ठेवला. नंतर म्हणाली, "सांगू नको ना. मग ती घाबरून बघणारच नाही."
खरं आहे. आई मोबाईलला हातच लावणार नाही. मूळ फोटो माझ्याकडे आहेत, तेव्हा...

२४ ऑक्टो.
ओवीची नवी पद्धत. रोज एकच फोटो टाकायचा. संध्याकाळपर्यंत गेला की समजायचं, आजीने बघितला. काल बुरूज गेला. आज रांगोळीने माखलेलं तिचं तोंड गेलं आणि पोरगी घरभर नाचली. मीही विक्रोळीच्या ऑफिसात चोरून बघत होतो.
फोनवर आई दमलेली वाटली. "पाय सुजलेत जरा. तू काय करतलंस थंयसून?"
इथून काय करणार, खरंच.

२७ ऑक्टो.
शनिवारचा फोटो अजून तसाच. आईचा फोन लागत नाही. शेजारच्या दिगूकाकांचाही नाही. वाऱ्यापावसाने टॉवर बंद पडला असेल, सु. म्हणते. असेल. परत रजा मागितली. साहेब म्हणाला, महिनाअखेर आहे. ओवी दर तासाला फोल्डर उघडते आणि मोबाईल परत देते. मला ते बघवत नाही.

२८ ऑक्टो.
सकाळी ओवी उठायच्या आत तो फोटो मीच पुसला.
उठल्या उठल्या तिने मोबाईल घेतला. "बाबा! बघितला! आजीने बघितला!" सु. माझ्याकडे बघत राहिली.
फोन अजून लागत नाही. रजा गेली खड्ड्यात. संध्याकाळच्या एसटीने निघतोय, जागा नाही, उभ्याने जाईन. बॅग भरत होतो. ओवी पुढचा फोटो निवडत होती.
"बाबा, तू कशाला चाललास? बरी आहे ना ती. फोटो बघितला की तिने."
बॅगेची चेन लावली.